थांब म्हणायचं राहून गेलं

माझ्या भावाला, अर्वोला, दोन पदकं मिळाली. पहिलं मिळालं तेव्हा तो जिवंत होता आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. दुसरं आमच्या वडिलांच्या हातात दिलं, शाळेच्या व्यायामशाळेत, बँड वाजवून.

आम्ही अस्टोरियाचे फिनिश लोक. कोलंबिया नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या उतारावर आमची लाकडी घरं. बाबांची, म्हणजे इसाक किव्हेलांची, स्वतःची होडी होती आणि त्या होडीला आईचं नाव होतं, लेम्पी. मी मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात सामन मासे चिरायची. अर्वो माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा तोच. कॉलेज संपतंय न संपतंय तोच लढाई सुरू झाली आणि तो मरीन दलात भरती झाला, लेफ्टनंट झाला. फोटो आला तेव्हा आई म्हणाली, "मान किती बारीक दिसतेय याची! खायला देतात की नाही?"

१९४४ च्या नोव्हेंबरात तो रजेवर घरी आला. सायपान बेटावर त्याच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. तो काढला होता, पण हात वर नेताना त्याचा चेहरा आवळला जायचा. आईने वेलदोड्याचा गोड पाव केला होता, महिन्याची सगळी साखर त्यात घालून. त्याने दोन तुकडे खाल्ले, तिसरा हातात धरून बसला. आई समोरून हलेना, म्हणून तोही संपवला.

दुसऱ्या आठवड्यात फिनिश मंडळाच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार झाला. कारखान्यातल्या बायका नटूनथटून आल्या. माझ्या शेजारी उभी राहून मासे चिरणारी साइमा मला कोपर मारून म्हणाली, "काय गं हिल्मा, तुझा भाऊ आता आमच्याशी बोलेल ना? की आम्ही आधी सलाम ठोकायचा?"

"तूच जाऊन विचार की."

"मी विचारलं तर लग्नच करावं लागेल त्याला!"

पदकासोबत आलेला कागद मंडळाच्या अध्यक्षांनी वाचला. बाबांना इंग्रजी फारसं कळायचं नाही, म्हणून मी कानाशी लागून सांगत होते. शत्रूच्या माऱ्यात, उघड्या मैदानातून, एकदा नाही तर तीनदा परत जाऊन त्याने आपले तीन जखमी शिपाई ओढून आणले, असं त्यात होतं. बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते, "तीनदा? तीनदा म्हणाले?"

टाळ्या संपल्यावर मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "इसाक, पोरगं कुणावर गेलंय रे? तुझ्यावर तर नक्कीच नाही!"

सगळा हॉल हसला. बाबाही हसले. त्यांच्या पिढीच्या प्रत्येकाला ती गोष्ट ठाऊक होती. बाबा विशीत असताना फिनलंडवर झारचं राज्य होतं. सैन्यात नाव निघालं त्याच आठवड्यात बाबा एका लाकूड वाहणाऱ्या जहाजावर चढून पळाले. त्यांच्याबरोबर असे शेकड्यांनी आले होते, त्या ओरडणाऱ्या म्हाताऱ्यासकट. पण बाबांच्या मागे त्यांचा थोरला भाऊ राहिला होता. धाकट्याच्या जागी थोरल्याला नेलं आणि तो परत आला नाही. हे हॉलमधल्या कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला होतं. बाबांनी ते एकदाच सांगितलं होतं, आणि मग महिनाभर कुणाशी बोलले नव्हते.

अर्वोला बोलायला उभं केलं. तो म्हणाला, "कॉफी छान आहे. आभारी आहे." आणि खाली बसला. लोकांना वाटलं, किती नम्र आहे!

त्या कागदातले तीन जखमी कोण, ते मी त्याला विचारलं. आम्ही धक्क्यावर बाबांच्या होडीतलं पाणी उपसत होतो.

"पहिला आणला तो आणेपर्यंत मेलेला होता," तो म्हणाला. "दुसरा रात्रभर जगला. तिसरा ट्रुस्डेल. तो पोर्टलंडचाच आहे. सणासाठी रुग्णालयातून आठवडाभर घरी सोडलाय म्हणे. त्याच्या आईचं पत्र आलंय, ये म्हणून. तू येशील माझ्याबरोबर?"

"मी कशाला?"

"ये गं," तो म्हणाला. "एकट्याने नाही जाववत."

आम्ही सकाळच्या गाडीने पोर्टलंडला गेलो. ट्रुस्डेलची आई दारातच अर्वोच्या गळ्यात पडली. बुटकी, गोल बाई होती, अॅप्रनला पीठ लागलेलं. "तुम्ही माझा मुलगा मला परत दिलात," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने आम्हाला आतल्या खोलीत नेलं.

लेलंड ट्रुस्डेल खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. वय वीसही नसेल. डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि दोन्ही बाह्या मनगटाच्या जागी पिनांनी टाचलेल्या. मी बघितलं आणि मग भिंतीकडे बघत राहिले.

"लेफ्टनंट आलेत, बाळा," आई म्हणाली.

"आवाजावरून कळेल मला. बोला ना काहीतरी, लेफ्टनंट."

"कसा आहेस, लेलंड?"

"मस्त! जेवण भरवतात, दाढी करतात. राजाचा थाट आहे." तो हसला. त्याची आईही हसली. मग तो म्हणाला, "आई, पाहुण्यांना केक दे ना, भोपळ्याचा केलायस तो." ती स्वयंपाकघरात गेली. तिची पावलं लांब गेल्याचं त्याने कान देऊन ऐकलं.

"एक सांगू, लेफ्टनंट? रागावू नका."

"सांग."

"पुढच्या वेळी कुणी असा ओरडायला लागला ना, तर जरा थांबा. लगेच धावू नका. थोडा वेळ जाऊ द्या. आपोआप शांत होतो माणूस."

अर्वो त्याच्या टाचलेल्या बाह्यांकडे बघत राहिला.

"मी तुमच्यावर चिडलेलो नाही हां," ट्रुस्डेल म्हणाला. "तुम्ही चांगलं केलंत, सगळे तेच म्हणतात. आई तर रोज म्हणते. मी नुसतं सांगून ठेवतोय. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

त्याची आई बशा घेऊन आली. आम्ही केक खाल्ला. तिने लेलंडला चमच्याने भरवलं आणि रुमालाने त्याची हनुवटी पुसली. निघताना तिने उरलेला केक कागदात बांधून माझ्या हातात दिला.

परतीच्या गाडीत बराच वेळ अर्वो खिडकीतून नदी बघत होता. मग त्याने खिशातून एक पत्र काढलं. सॅन डिएगोच्या तळावरून आलं होतं. नव्या पोरांना शिकवायला अनुभवी अधिकारी हवेत, तुमचा खांदा अजून पुरता बरा नाही, इच्छा असेल तर इथेच नेमणूक देऊ, रजा संपायच्या आत कळवा.

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या दुखऱ्या खांद्यावरच हात ठेवला. "मग कळव ना! आजच तार कर!"

"माझ्या तुकडीतली सव्वीस पोरं उरलीत तिकडे, हिल्मा. मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल. कदाचित माझ्यापेक्षा चांगला." तो हळू बोलत होता. "मला नाही जायचं. तुला सांगतो, मला अजिबात नाही जायचं. सकाळी उठलो की पहिलं तेच येतं मनात. पण 'मी राहतो' हे लिहायला बसलो की पेन चालत नाही."

"मी लिहिते, तू नुसती सही कर."

तो हसला. "तू नाही. बाबा. बाबा 'थांब' म्हणाले ना, तर मी थांबेन. त्यांनी सांगितलं म्हणून थांबलो असं मला म्हणता येईल. मला कुणीतरी थांब म्हणायला हवंय, आणि ते बाबाच हवेत."

"मग मी आजच त्यांना सांगते."

"नाही!" डब्यातल्या लोकांनी वळून बघितलं. त्याने आवाज खाली आणला. "तू पढवलंस म्हणून म्हणाले तर काय उपयोग? त्यांना मनातून वाटलं पाहिजे. शपथ घे. आईची शपथ घे, तू काही सांगणार नाहीस."

मी घेतली. मला वाटलं, त्यात काय एवढं? एकुलता एक मुलगा. कुठला बाप थांब म्हणणार नाही?

दोन दिवसांनी त्याने विचारलं. हिवाळ्यात मासेमारी थंडावते, तेव्हा बाबा जाळ्यांच्या माडीवर बसून फाटकी जाळी विणायचे. कुजू नयेत म्हणून मोरचुदाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून काढलेली जाळी वरून लोंबत असायची, सगळीकडे तो तुरट वास. मी बाबांना सुयांवर सूत भरून देत होते. अर्वो जिना चढून आला आणि एका उलट्या पेटीवर बसला. त्याने पत्र वाचून दाखवलं, फिनिशमध्ये, एकेक वाक्य सावकाश.

"म्हणजे इकडेच राहायचं?" बाबांनी विचारलं.

"हो. लढाई संपेपर्यंत."

"आणि तुझी माणसं?"

"ती जातील. बेट कुठलं ते अजून कळलेलं नाही." मग तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

बाबांचे हात थांबले. अर्वोने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि सूत गुंडाळत राहिले, कारण मी शपथ घेतली होती, आणि मला खात्री होती.

"तुला ठाऊक आहे मी कसा आलो," बाबा म्हणाले. "माझ्या जागी कोण गेलं, तेही ठाऊक आहे. एक्केचाळीस वर्षं झाली. एक दिवस असा नाही गेला. तुझ्या वाट्याला ते नको यायला. लोक म्हणतात माझ्यावर नाही गेलास, ते ऐकून मला बरं वाटतं. तू जा, पोरा. माझी काळजी करू नकोस, आईची करू नकोस. मी आड येणार नाही."

आता मागे वळून बघताना मला त्यांचा चेहरा दिसतो. त्यांना वाटत होतं, मुलाला जायचंय आणि बापासाठी तो अडलाय. आयुष्यातली सगळ्यांत जड गोष्ट ते त्याला देत होते.

"बरं," अर्वो म्हणाला. त्याने पत्राची घडी घातली. "मलाही तसंच वाटत होतं."

मग तो उठला आणि खाली जाण्याआधी बाबांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून उभा राहिला. आमच्यात असं कुणी करत नाही. बाबांना त्याचं फार कौतुक वाटलं. रात्री त्यांनी आईला ते दोनदा सांगितलं.

मी जिन्यात त्याला गाठलं. "मी सांगते त्यांना, आत्ता सांगते."

"शपथ," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेली शपथ!"

"हिल्मा, आता नको. त्यांनी ते कसं सांगितलं, ऐकलंस ना? आता मी राहिलो तर काय तोंड दाखवू त्यांना?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. स्टेशनवर आईने त्याच्या ओव्हरकोटाचं वरचं बटण लावलं. तो म्हणाला, "आई, गळा आवळतोय." ती म्हणाली, "आवळू दे."

मार्चच्या सहा तारखेला तार आली. कारखान्यात मुकादमाने मला बोलावलं, तेव्हा त्याने टोपी काढलेली होती. मी घरी पोहोचले, तर आई खुर्चीत बसून तार उलटी धरून बघत होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तार आणणाऱ्याचं तोंड तिने वाचलं होतं. इवो जिमा नावाचं बेट होतं. आम्ही नकाशात शोधलं, सापडलं नाही.

मे महिन्यात त्याच्या तुकडीतल्या सार्जंटचं पत्र आलं. साधा माणूस होता, शुद्धलेखनाच्या चुका करणारा. त्याने लिहिलं होतं, आठव्या दिवशी एका उतारावर आमचा एक पोरगा पुढे पडला होता आणि ओरडत होता. लेफ्टनंट किव्हेला खड्ड्यात माझ्या शेजारी होते. एरवी ते लगेच निघायचे. त्या दिवशी ते बसून राहिले. घड्याळाकडे बघत राहिले. मी विचारलं, काय झालं सर? ते म्हणाले, थोडा वेळ जाऊ दे. चार-पाच मिनिटं गेली असतील. पोरगा ओरडायचा थांबेना. मग ते म्हणाले, "नाही होत हे," आणि उठून गेले. त्यांनी त्याला जवळजवळ आणलंच होतं. मशीनगनने दोघांनाही गाठलं. लगेच निघाले असते तर कदाचित जमलं असतं, तेव्हा ती मशीनगन तिथे नव्हती. ते का थांबले हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला खरं सांगावं म्हणून लिहितोय.

मी बाबांना पत्र वाचून दाखवलं, पण ती चार-पाच मिनिटं गाळली. बाबा म्हणाले, "म्हणजे चौथ्यांदा गेला."

सप्टेंबरात, लढाई संपल्यावर, दुसरं पदक आलं. पहिल्यापेक्षा मोठं. व्यायामशाळा भरली होती. एका कर्नलने ते बाबांच्या हातात ठेवलं, आणि बाबा, आयुष्यभर वाकून जाळी ओढलेला माणूस, ताठ उभे राहिले. त्यानंतर लोक आमच्या घरी आले. आईने कॉफी केली. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "मीच म्हणालो त्याला, जा. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हणालो, पोरा, मी आड येणार नाही."

पहिल्यांदा मी ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तो हॉलमधला म्हाताराही आला होता. तो बाबांचा हात हातात घेऊन रडला. बाबांनी त्यालाही सांगितलं.

दुपारी सगळे गेले. आई वर जाऊन पडली. मी कप धुवत होते. बाबा टेबलाशी बसले होते, पदक पेटीत होतं, पेटी उघडी. ते म्हणाले, "एवढं तरी मी त्याच्यासाठी केलं, हिल्मा. त्याला मोकळं सोडलं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला तुमच्या तोंडून 'थांब' ऐकायचं होतं."

"काय?"

"त्याला जायचं नव्हतं. गाडीत मला म्हणाला, बाबा थांब म्हणाले तर मी थांबेन. म्हणून विचारायला आला होता तो माडीवर. मला शपथ घातली होती."

बाबांनी हळूच पेटीचं झाकण लावलं. नळ चालू होता, तो मी बंद केला.

"तो तसं म्हणाला?" त्यांनी विचारलं. "अगदी त्याच शब्दांत?"

तेव्हासुद्धा मला सावरता आलं असतं. नाही बाबा, मी रागाने बोलले, असं म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, त्यांना ठेवायचाच होता. मी म्हणाले, "हो."

तू तेव्हा गप्प का बसलीस, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. मी वाट बघायची. विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

त्यानंतर बाबा सकाळी होडीवर जायचे, पण जाळं टाकायचे नाहीत. साइमाचा नवरा सांगायचा, तुझा म्हातारा प्रवाहात होडी सोडून नुसता बसलेला असतो. पुढच्या वर्षी त्यांनी होडी विकली. नव्या मालकाने तिचं नाव खरवडून काढलं. मंडळाच्या हॉलमध्ये ते पुन्हा गेले नाहीत. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटे, दुःख आहे, ओसरेल. ती त्यांना म्हणायची, "अहो, निदान तुम्ही तरी अभिमान बाळगा. मला तर तोही जमत नाही." बाबा बाहेर निघून जायचे.

१९४७ मध्ये सरकारी कागद आला. बेटावरच्या कबरी उकरून मृतदेह हलवायचे होते. मुलाला घरी आणायचं, की लष्कराच्या दफनभूमीत ठेवायचं, हे वडिलांनी ठरवायचं होतं. दोन चौकोन होते, एकात फुली मारायची आणि सही करायची. खाली उत्तर पाठवायची शेवटची तारीख होती.

आई एके दिवशी म्हणायची, "आणा, माझ्याजवळ आणा." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "नको, उगाच हलवू नका त्याला. खांदा दुखतो त्याचा." कागद महिनाभर टेबलावर पडून होता. जेवताना आम्ही तो बाजूला सरकवायचो आणि जेवून झालं की परत जागेवर ठेवायचो.

तारखेच्या आधल्या दिवशी मी पेन आणून बाबांसमोर ठेवलं. "बाबा, उद्या शेवटचा दिवस. काय करायचं?"

"तू सांग."

"सही तुमची लागते."

"सही करतो. कुठे फुली मारू ते तू सांग." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी सांगितलंय एकदा. माझ्याच्याने आता कुणाला काही सांगवत नाही."

मी दोन चौकोन बघितले. आणावं म्हटलं तर हा मुलगा टेकडीवरच्या दफनभूमीत रोज आमच्या डोक्याशी असणार, आणि बाबा रोज तिथे जाऊन बसणार. राहू दे म्हटलं, तर त्याला दुसऱ्यांदा पाठवल्यासारखं. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. बाबा तसेच बसले होते. संध्याकाळी आईने टेबल आवरलं आणि कागद खणात ठेवला.

तारीख उलटून गेली. काही महिन्यांनी दुसरं पत्र आलं. आमच्याकडून उत्तर न आल्यामुळे लेफ्टनंट अर्वो किव्हेला यांना हवाईच्या दफनभूमीत पुरण्यात येत आहे, पुढे विभाग आणि क्रमांक. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. दोन वर्षांनी ते गेले, त्यांच्यामागून आई.

हवाईला आता विमानं जातात, सकाळी निघालं की संध्याकाळच्या आत पोहोचतं. कारखान्यातल्या बायका जाऊन आल्या. साइमा गेली होती, फुलांच्या माळा घातलेले फोटो घेऊन आली. "तूही जा गं एकदा," ती म्हणाली. "नंबर आहे ना तुझ्याकडे? ते लोक थेट जागेवर नेऊन सोडतात."

नंबर आहे माझ्याकडे. मी तिला सांगितलं, बघू पुढच्या वर्षी. हे मी तिला अकरा वर्षं सांगत होते. आता साइमाही राहिली नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही.